पंचविसावा कागद

त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं असतं तर त्यांनी आधी कागद उजेडाकडे धरून वाचला असता, मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं असतं आणि म्हणाले असते, "माह्या नावानं तुले कोनतं बक्षीस भेटनार हाये वो?" म्हणून नुसतं काकाजी. आमच्या वऱ्हाडात दर तिसरा म्हातारा काकाजीच असतो, त्यामुळे ते कोणाला सापडायचे नाहीत. त्यांचा छापखाना अमरावतीत होता. कोणत्या गल्लीत, ते विचारू नका.

लग्नपत्रिका, वास्तूची कार्डं, तेरवीचे कागद आणि लग्नाळू पोरापोरींचे बायोडाटे, हे आमचं काम. मी तिथं कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला होते. काकाजी मात्र जुने खिळे जुळवणारे. शिशाची उलटी अक्षरं वाचण्यात अर्धं आयुष्य गेलेलं, त्यामुळे टेबलापलीकडचा माणूस काय लिहितो ते त्यांना उलट्या बाजूनं घडाघडा वाचता यायचं. एकदा एक मास्तर पत्रिकेचा मजकूर द्यायला आले आणि बसल्या बसल्या बँकेचा फॉर्मही आमच्याच टेबलावर भरायला लागले. काकाजी बशीतला चहा फुंकत म्हणाले, "मास्तर, खाते नंबर झाला, जन्मतारीख झाली. आता सही कराल तेही पायतो, का त्याच्यावर हात ठेवता?" मास्तर असे तापले की पत्रिका दुसरीकडे छापायला घेऊन गेले. काकाजींना त्याचं काडीचं दुःख नव्हतं.

आमच्याकडे "कुठी चालले?" हा प्रश्न नाही, रामराम आहे. समोरचा विचारतो, आपण सगळं सांगून टाकतो. काकाजींचं उत्तर आयुष्यभर एकच, "अथीच," म्हणजे इथंच. हातात बॅग, डोक्यावर टोपी, एसटी स्टँडवर अकोल्याच्या गाडीत एक पाय ठेवलेला, तरी "अथीच". दर्यापूरच्या काळीपिवळीत एकदा एक जण फारच मागं लागला. कोणते, कुठले, काय करता, घरी कोण कोण. काकाजींनी ठोकून दिलं, "बकऱ्यायचा धंदा हाये आपला." झालं! त्या बाबाची बकरी नेमकी तीन दिवसांपासून चारा खात नव्हती. दर्यापूर येईपर्यंत त्यानं काकाजींना सोडलं नाही. शेवटी हे म्हणाले, गुळाचं पाणी पाजा. पुढच्या महिन्यात तोच माणूस त्याच गाडीत भेटला आणि सगळ्यांसमोर यांच्या पाया पडला. बकरी उठून चरायला लागली होती म्हणे. तेव्हापासून दर्यापूर रस्त्यावर काकाजी बकऱ्यांचे डॉक्टर.

मी हसून हसून बेजार झाले. मग म्हटलं, "काकाजी, लोक जिव्हाळ्यानं विचारतात. तुम्ही खोटं काहून सांगता?"

"इचारनारा चांगलाच असते वो पोरी," ते म्हणाले. "पन मांगच्या सीटवर कोन बसून आयकून राह्यलं, ते तुले मालूम हाये काय?"

मला तेव्हा हे सगळं म्हातारपणाचं खूळ वाटायचं. दोन वर्षं मी त्यांच्याकडे होते आणि या माणसानं मला एकदाही विचारलं नव्हतं की तू राहतेस कुठं. मी मनातल्या मनात रुसायचे. बाप गेलेली पोर आपल्याकडे कामाला येते, घर कुठं आहे, कशी जाते, साधी चौकशी नाही!

पत्रिका छापायला आलेल्या गिऱ्हाइकाशी त्यांचं भांडण ठरलेलं. एकदा एका यजमानानं मोठ्या हौसेनं मजकूर आणला. सगळ्या भावांची नावं, घराचा पूर्ण पत्ता, चार मोबाईल नंबर, लग्न अकोल्याला. काकाजींनी तो मोठ्यानं वाचायला घेतला, पण चोरासारखा वाचला. "म्हंजे बारा तारखेले सकाळी आठपासून घरात कोनीच नाई. घर हे अथी हाये. कोनी आडवं येते काय ते पायाले फोन नंबर हे. भाऊ, कुलपाची चाबी कुठी ठेवता तेवढं राह्यलं. लिवू काय?"

यजमानाचं तोंड पाहण्यासारखं झालं. काही जण अशा वेळी उठून जात. काही जण पत्ता काढून टाकत आणि पुढच्या लग्नाला परत येत.

हे खूळ कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, एका रिकाम्या दुपारी. विशीत असताना त्यांनी स्वतः जुळवलेली पहिली लग्नपत्रिका. घरच्यांना पत्ता ठळक हवा होता, यांनी सगळ्यात मोठे खिळे लावले. लग्नाच्या दिवशी ते घर साफ झालं. पोरीचा बाप दुसऱ्या दिवशी छापखान्यात आला. ओरडला नाही, भांडला नाही. खुर्चीवर बसून एवढंच म्हणाला, "तुमी माहा कागद कोनाले दाखवला होता काय?" काकाजी म्हणाले, "म्या नोयता दाखवला. पन तो पत्ता माह्याच हातानं जुळवला होता ना वो." एवढं बोलून ते मागच्या हौदाकडे निघून गेले.

तो हौद म्हणजे वेगळीच गोष्ट. आमच्याकडचा वाया गेलेला एकही कागद रद्दीत जात नसे. सगळे मागच्या हौदात भिजत पडत. त्यांचा लगदा झाला की काकाजींच्या घरच्या काकू त्यात मेथीचं पीठ घालून कुटायच्या, पालथ्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, थापायच्या आणि उन्हात वाळवून टोपल्या करायच्या. ओळखीच्या सगळ्या घरांत काकूंची टोपली असायची. कोणाच्या टोपलीत कांदे, कोणाच्या वाती. कोणाला कल्पना नसायची की आपण कोणाच्या तरी जन्मकुंडलीत लसूण ठेवतो आहोत.

मी नवी असताना एकदा हौद तुंबला म्हणून खराब प्रूफं रद्दीवाल्याला देऊन टाकली. आठ दिवसांनी काकाजी सांभारवडी घेऊन आले, आमच्या चौकातल्या गाडीवरची, कोथिंबीर ठासून भरलेली. वडी टेबलावर ठेवली, खालचा कागद माझ्यापुढे सरकवला. तेलानं पारदर्शक झालेल्या त्या कागदावर एका पोरीचा फोटो, तिची उंची, रंग गोरा, वडिलांचा मोबाईल, मामांचं गाव. मीच जुळवलेला बायोडाटा. माझी मान खाली गेली. त्यांनी घरून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेतला, गाडीवाल्याकडे गेले, तो त्याला दिला आणि आपले सगळे कागद मोजून परत आणले. वडी मात्र खाल्ली. "वडीचा काय गुन्हा?" म्हणाले.

एवढं होऊनही मी शहाणी झाले नाही, हे कबूल करते.

आईला माझ्या लग्नाची घाई झाली होती. काकाजींच्या हातून बायोडाटा केला असता तर त्यांनी त्यात नावाशिवाय काही ठेवलं नसतं, म्हणून ते एकदा "अथीच" गेलेले पाहून मी गुपचूप माझा बायोडाटा केला. रंगीत फोटो लावला. घराचा पत्ता, मोबाईल, नोकरीची वेळ अकरा ते सात. जन्म नांदगाव खंडेश्वरचा, वेळेसकट. आईचं माहेर अंजनगाव सुर्जी, मामांच्या आडनावासकट. आणि वडिलांच्या नावाआधी, रीत म्हणून, 'कै.'. पंचवीस प्रती काढल्या. आईनं त्या एका आठवड्यात नातेवाइकांत वाटून टाकल्या.

महिनाभरानं एका संध्याकाळी घरी आले तर बाबांच्या फोटोखालच्या खुर्चीत एक अनोळखी माणूस चहा पीत बसलेला. तिशी-पस्तिशीचा, कपडे कडक इस्त्रीचे. माझ्याच घरात मला म्हणाला, "या, बसा."

आई कौतुकानं सांगायला लागली, "अवं, हे अंजनगावचे हायेत. माह्या माहेरचे."

माहेरचं नाव घेतलं की आमची आई विरघळते. त्यानं दारात उभं राहून मामांचं आडनाव सांगितलं होतं, बस्स. आईनं त्याला आत घेतलं, चहा केला आणि तासाभरात सगळं सांगून टाकलं. घरात आम्ही दोघीच, वरचे घरमालक पोराकडे पुण्याला, दिवाळीपर्यंत येत नाहीत, पोरगी सातला सुटते, चालत येते. त्याच्या मांडीवर माझा बायोडाटा होता, चार घड्या घातलेला.

"मी लग्नाचं विचारायला आलो," तो म्हणाला. "मावशीचा होकार आहे."

मी नाही म्हटलं. शांतपणे म्हटलं, मग जोरात म्हटलं. तो हसला. "नाही म्हणून काय होते? तुमचं सगळंच हाये माह्याजवळ." आणि घड्या घातलेला कागद खिशात ठेवून उठला.

त्यानंतर रोज सात वाजता तो आमच्या वळणावर उभा. फोन वेगवेगळ्या नंबरांवरून. काही वेळा नुसता माझी जन्मवेळ सांगून ठेवून द्यायचा. आईनं घाबरून नांदगावच्या काकांना फोन केला. काकांचा निकाल तयार होता, नोकरी सोडा, पोरीला इकडे आणा, जो मिळेल त्याच्याशी लावून देऊ. म्हणजे तो माणूस वळणावर उभा राहणार आणि जन्मठेप मला! रडूही येत होतं आणि संतापही.

काम सोडते असं सांगायला मी काकाजींकडे गेले. सांगता सांगता सगळंच सांगितलं, गुपचूप छापलेल्या प्रतींसकट. वाटलं, आता खरपूस बोलणी बसणार, आणि बसायलाच हवीत.

काकाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "किती छापल्या?"

"पंचवीस."

"कोनाकोनाले देल्या, ते लिव. नोकरी सोडाची गोठ मंग करू."

आधी ते मला आणि आईला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. बाकावर पाच-सहा माणसं बसलेली. हवालदारानं नेहमीच्या खड्या आवाजात विचारलं, नाव, पत्ता, मोबाईल? मी तोंड उघडणार, तोच काकाजींनी हात आडवा घातला. "सायेब, बाई सांगनार नाई, लिवून देते." पलीकडच्या महिला पोलिसाच्या लक्षात आलं. ती आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावून सगळं नीट ऐकून घेतलं.

मग काकाजींनी जे केलं ते आमच्याच लोकांत चालेल असं होतं. माझा नवीन बायोडाटा केला. नाव, शिक्षण, उंची, आणि संपर्काला फक्त छापखान्याचा नंबर. त्याच्या प्रतींचा गठ्ठा पिशवीत टाकला आणि ते गावोगाव निघाले. दर्यापूर, अंजनगाव, नांदगाव. प्रत्येक घरी जाऊन हात जोडायचे, "माह्याकडून चूक झाली जी. पोरीची जन्मयेळ चुकली. तो कागद वापस द्या, हा घ्या."

जन्मवेळ चुकली! आमच्याकडे रंग सावळा निघाला तर लोक चालवून घेतील, पण जन्मवेळ चुकलेला कागद घरात ठेवणार नाहीत. गुण जुळवायला बसतील आणि भलतंच निघेल. लोकांनी कपाटं उघडून, देव्हाऱ्यामागून, गादीखालून काढून ते कागद परत दिले. ज्यांनी मोबाईलवर फोटो पुढे पाठवले होते त्यांनी स्वतःहून पुसले आणि पुढच्यांनाही पुसायला लावले. पन्नास वर्षं एका अक्षराची चूक न करणारा माणूस माझ्यासाठी तीन तालुके "माहीच चूक" म्हणत हिंडला. गुडघे दुखत होते त्यांचे. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाले, "तुले पायलं की लोकायच्या ध्यानात राहीन. मी म्हातारा, मले कोन ध्यानात ठेवते?"

आठ दिवसांत चोवीस कागद आले. टेबलावर मोजून ठेवले. एक कमी.

तो पंचविसावा दर्यापूरच्या एका मावसबहिणीनं तिच्या जावेला दिला होता, जावेनं तिच्या भावाला, भावानं दुकानात बसलेल्या कोणाला. प्रत्येकाचा हेतू चांगलाच. काकाजी एकेका दारात "कोनाले देला?" विचारत त्या साखळीच्या शेवटच्या घरी पोचले. दार एका बाईनं उघडलं. कडेवर लेकरू, मागं दुसरं. काकाजी म्हणाले, जन्मवेळ चुकलेला एक बायोडाटा चुकून तुमच्याकडे आला असेल. बाईनं कडेवरचं लेकरू खाली ठेवलं. मग आत गेली आणि चार घड्यांचा तो कागद घेऊन आली. नवऱ्याचे कपडे धुवायला काढताना तिला खिशात सापडला होता. देताना तिनं एकच विचारलं, "काकाजी, हे पोरगी सुखरूप हाये ना?"

हे सांगता सांगता काकाजींनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. मी विचारलं, कोण ती, कोणतं गाव, काय नाव? त्यांनी मान हलवली. "ते नोको इचारू. तिनं इस्वासानं कागद देला. ठान्यातल्या बाईले सांगतलं, तेवढं बस."

ठाण्यातल्या बाईंनी पुढचं काम केलं. त्या माणसाला बोलावून घेतलं, त्याच्याकडून लिहून घेतलं, आणि त्याच्या बायकोकडेही पुढे मधूनमधून त्या चौकशी करत राहिल्या, हे मला नंतर कळलं. वळण मोकळं झालं. फोन थांबले. नांदगावच्या काकांना आईनंच ठणकावलं, पोरगी नोकरी करणार. मी परत माझ्या खुर्चीवर बसले. काकाजींनी माझ्या चुकीबद्दल एक शब्द काढला नाही, त्या दिवशी नाही की कधीच नाही. फक्त पंचवीस कागद मला स्वतःच्या हातानं हौदात टाकायला लावले.

माझं लग्न ठरलं ते त्या नव्या कागदावरूनच. अकोल्याच्या एका मुलानं छापखान्यात फोन केला. काकाजींनी अर्धा तास त्याची उलटतपासणी घेतली आणि त्याला माझी उंची सोडून काही सांगितलं नाही, कारण ती छापलेलीच होती. माझा नवरा अजून म्हणतो, एवढे प्रश्न मला नोकरीच्या मुलाखतीतही आले नव्हते.

पत्रिकेवरून मात्र आईनं हट्ट धरला. पोरीचा बाप नाही, निदान पत्रिकेवर घर तरी दिसू दे. पूर्ण पत्ता हवा. मी म्हटलं, झालं, आता महाभारत. पण काकाजी म्हणाले, "लिव." एवढंच. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. वाटलं, म्हातारा थकला.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये सगळे होते. काकू होत्या, गाडीवरचा सांभारवडीवाला होता. काकाजी नव्हते. मंगलाष्टकं सुरू झाली तरी मी अंतरपाटाच्या आडून दार पाहत होते. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "गेले अथीच." राग आला मला. वडिलांच्या जागी ज्याला मानलं त्याला आजच्या दिवशीही जायला दुसरं ठिकाण सापडलं!

पाठवणीआधी देवाला नमस्कार करायला आम्ही घरी आलो. दारासमोर खुर्ची टाकून काकाजी बसले होते. डोक्यावर टोपी, अंगात नवा सदरा, शेजारी न उघडलेला डबा. सकाळी आम्ही कुलूप लावून निघालो तेव्हापासून. पत्ता त्यांनी छापू दिला होता, मग घर राखायला स्वतःच येऊन बसले होते.

"काकाजी, अक्षता टाकायलाही आला नाहीत," मी म्हटलं.

"टाकल्या ना," ते म्हणाले. "मुहूर्त मालूम होता. अथूनच टाकल्या."

उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत, हॉलच्या दिशेनं, पिवळे तांदूळ पडले होते. मी तिथंच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान पोरीसारखी रडले. त्यांनी खुर्चीखालून एक टोपली काढून माझ्या हातात दिली. काकूंच्या हातची, करड्या रंगाची, तळाशी उरलेल्या चार अक्षता. "तुहेच कागद हायेत," ते हळूच म्हणाले. "पंचवीसच्या पंचवीस. मोजून घे."

ते जाऊन आता तीन वर्षं झाली. ती टोपली अकोल्याला माझ्या स्वयंपाकघरात आहे, लसूण ठेवते मी तिच्यात. येणारी-जाणारी हातात घेऊन विचारते, छान आहे वो, कशाची आहे, कुठून आणली?

कागदाची आहे, मी सांगते. आणि आणली अथूनच.